हिरवी-काळी जोडली, पंखा फिरला आणि लगेच बंद : बिनमदरबोर्डचा एसएमपीएस

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही नाशिकच्या सिडकोत राहता, घरच्या जुन्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेलाय पण ४५० वॉट लिहिलेला एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा पत्र्याचा डबा, शाबूत आहे आणि तो सोसायटीच्या गणपतीच्या डेकोरेशनला १२ व्होल्टच्या एलईडी पट्ट्यांसाठी वापरायचाय. व्हिडिओ बघून मोठ्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी वायर यू-पिनने जोडली, पंखा फिरला, एक रोल लावला तर मस्त पेटला. पण पाच-पाच मीटरचे चारही रोल आणि कारंज्याचा छोटा पंप लावला की पंखा एक झटका मारतो आणि सगळं बंद. तर एसएमपीएस खराब आहे का, आणि दहा दिवस यू-पिन अशीच खोचून ठेवली तर चालेल का. आणि सगळ्यात शेवटी सहज लिहावं तसं तुम्ही लिहिलंय की मंडपाच्या लोखंडी फ्रेमला हात लावला की कधी कधी झिणझिण्या येतात.

ती शेवटची ओळ मी दोनदा वाचली. हिरव्या-काळ्याचं काय ते नंतर बघू, आधी झिणझिण्यांचं बोलतो, कारण पट्ट्या नाही पेटल्या तर फार तर पोरं नाराज होतील.

एसएमपीएसच्या आत मेन लाईन येते तिथे एक फिल्टर असतो, त्यात फेज आणि न्यूट्रलपासून बाहेरच्या पत्र्याला जोडलेले छोटे छोटे निळे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) असतात. तिसऱ्या पिनला खरं अर्थिंग असेल तर त्यांच्यातून येणारी थोडीशी गळती जमिनीत जाते, कुणाला पत्ताही लागत नाही. अर्थिंग नसेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि त्यावर साधारण मेन लाईनच्या निम्मे म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दिसतात. करंट अगदी कमी असतो, म्हणून फक्त झिणझिण्या. पण गंमत अशी की एसएमपीएसच्या सगळ्या काळ्या वायरी आतून त्याच पत्र्याला जोडलेल्या असतात, म्हणजे तुमच्या पट्ट्यांची निगेटिव्ह बाजू, पंपाची वायर आणि ती कुठे फ्रेमला घासत असेल तर फ्रेमसुद्धा, सगळं त्या ११५ वर तरंगतंय. त्यात कारंज्याचं पाणी, भाद्रपदातला पाऊस आणि अनवाणी आरतीला उभी असलेली मंडळी. आणि झिणझिण्या फक्त फिल्टरच्याच असतील कशावरून, कुठेतरी मेन वायरचं इन्सुलेशन सोललं असेल तरी सुरुवातीला असंच वाटतं, हातावरून फरक कळत नाही.

तुमच्याकडे काय झालं असेल याचा माझा अंदाज एक्स्टेंशन बोर्ड. तीन भोकांचा सॉकेट असतो पण आतून वायर दोनच, तिसरं भोक नुसतं शोभेला. दुकानात असे बोर्ड मी इतके उघडलेत की आता उघडायच्या आधीच वायरची जाडी बघून सांगतो. वायरमनला बोलवा आणि फेज आणि अर्थिंगच्या मध्ये १०० वॉटचा बल्ब लावून बघायला सांगा, बल्ब न्यूट्रलवर पेटतो तसाच भक्क पेटला पाहिजे. नुसत्या मीटरवर २३० दिसले म्हणून अर्थिंग चांगलं असं नसतं, गंजलेली अर्थिंगची पट्टीसुद्धा मीटरला २३० दाखवते कारण मीटर काही करंटच घेत नाही, बल्ब लावला की बिंग फुटतं. लाईनला आरसीसीबी, म्हणजे गळती दिसली की लाईन तोडणारा स्विच, असेल तर बल्ब लावताच ती पडेल, तेही चांगलंच लक्षण. नसेल तर मंडपासाठी ३० मिलिअँपची एक बसवून घ्या, आणि वीज शेजारच्या फ्लॅटमधून ओढण्यापेक्षा महावितरणकडून गणेशोत्सवाचं तात्पुरतं कनेक्शन घेतलेलं बरं. हे होईपर्यंत पंप चालू करू नका. बास, यात मला काही ‘अवलंबून आहे’ वगैरे म्हणायचं नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. एसएमपीएस चालू करणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, आणि व्हिडिओवाले नेमके तिथेच थांबतात. मदरबोर्ड एसएमपीएससाठी तीन कामं करत असतो: त्याला चालू धरून ठेवतो, त्याच्यावर नीट वाटून लोड टाकतो आणि बिघडलं तर बंद करतो. मदरबोर्ड काढला की ही तिन्ही कामं तुमच्या गळ्यात. तुम्ही पहिलं केलंत, बाकी दोन राहिली.

पहिल्याचं थोडक्यात. जुन्या एटी पद्धतीच्या मशिनला पुढचं बटण थेट मेन लाईन तोडायचं, टक्क असा आवाज यायचा, आणि मदरबोर्डला दोन वेगवेगळे कनेक्टर लागायचे ज्यांच्या काळ्या वायरी मध्ये एकमेकींना चिकटून आल्या पाहिजेत, उलटे बसले तर बोर्डाची राख. आम्ही शिकाऊ होतो तेव्हा ‘काळ्याला काळी’ हा पहिला धडा. १९९५ ला एटीएक्स ही नवी पद्धत आली आणि ते जाड बटण गेलं. तेव्हापासून मेन लाईन आली की आतला एक छोटा सप्लाय कायम जागा असतो, जांभळ्या वायरीवर ५ व्होल्ट सोडतो, आणि हिरव्या वायरीकडे लक्ष ठेवून बसतो. हिरवी आतून एका रेझिस्टरने वर ओढलेली असते, ती काळीला टेकवली की मोठा सप्लाय चालू, सोडली की बंद. तिच्यातून जाणारा करंट दोन मिलिअँपसुद्धा नसतो, त्यामुळे तार जाड लागत नाही, फक्त घट्ट बसलेली लागते. कॅबिनेटचं पॉवर बटण तिथे जोडलंत तर दाबलं तेवढा वेळच चालेल, कारण ‘चालू राहा’ हे लक्षात ठेवायचं काम बोर्डाचं होतं. साधा चालू-बंद टॉगल स्विच लावा.

यू-पिन मात्र काढा. उघडी लोखंडी तार आहे, दहा दिवस ढोल-ताशाच्या हादऱ्यात आणि पोरांच्या पायात. ती सरकून शेजारच्या ओळीतल्या लाल पिनवर गेली तर ५ व्होल्ट सरळ शॉर्ट. लॅन केबलमधली एक बारीक वायर घ्या, दोन्ही टोकं सेंटीमीटरभर सोला, हिरवीच्या भोकात एक आणि शेजारच्या काळीत एक, हिरवीच्या दोन्ही बाजूंना काळ्याच असतात त्यामुळे चुकायचं काही नाही, आणि वरून पूर्ण कनेक्टरला टेप. ज्यांच्या एसएमपीएसच्या सगळ्याच वायरी काळ्या आहेत त्यांच्यासाठी: मेन लाईन चालू, मोठा सप्लाय बंद अशा अवस्थेत मीटर लावा, क्लिप असलेल्या बाजूच्या ओळीत फक्त एकाच पिनवर व्होल्टेज दिसेल, ती हिरवी समजा. दुसऱ्या ओळीत जी एक दिसते ती स्टँडबायची, तिला काळीला टेकवू नका. ब्रँडेड तयार पीसीमध्ये सहा, आठ, दहा पिनांचे वेगळेच कनेक्टर येतात, तिथे मॉडेल नंबर बघितल्याशिवाय मी पण हात लावत नाही.

आता तो झटका. पंखा हलतो आणि थांबतो याचा अर्थ बहुतेक वेळा एसएमपीएस मेलेला नसतो, उलट शहाणा असतो. त्याने लोड बघितला, व्होल्टेज खाली कोसळलं, आतल्या आयसीने म्हणजे देखरेख करणाऱ्या चिपने पडदा पाडला. एकदा पडदा पडला की तो तसाच राहतो, हिरवी जोडलेली असली तरी. पुन्हा चालू करायला हिरवी सोडून परत जोडा नाहीतर मेन लाईन बंद करून दहा-पंधरा सेकंद थांबा. खूप जण इथेच ‘गेला’ म्हणून भंगारात टाकतात.

लोड किती आहे त्याचा हिशोब करू. तुमची पट्टी कुठली आहे लिहिलेलं नाही आणि सगळं त्याच्यावरच आहे. मीटरला ६० एलईडी असलेली ५०५० ची (हा एलईडीच्या आकाराचा नंबर) पट्टी असेल तर मीटरला १४.४ वॉट, पाच मीटरच्या रोलला ७२ वॉट, म्हणजे १२ व्होल्टवर ६ अँप. चार रोल म्हणजे २४ अँप. बारीक ३५२८ ची ६० वाली असेल तर मीटरला ४.८ वॉट, चारही रोल मिळून ८ अँप, मग चित्रच वेगळं.

आता डब्याच्या लेबलवर बघा, ४५० कडे नाही, त्याच्या वरच्या तक्त्यात +१२ व्होल्टच्या खाली किती अँप लिहिलेत तिकडे बघा. परवाच माझ्या टेबलवर असाच एक ४५० लिहिलेला डबा होता, +१२ ला १४ अँप. बारा चौदा १६८ वॉट. बाकीचे वॉट कुठे गेले? ते ५ आणि ३.३ व्होल्टच्या खात्यात, जे तुमच्या काही कामाचे नाहीत. त्यातून स्वस्त डब्यांवरचे आकडे छापणाऱ्याच्या मनावर असतात. हातात घेतला की वजनावरूनच कळतं, खरा ४५० वाला मनगटाला जाणवतो. मी अशा जुन्या डब्याकडून लेबलच्या ६०-७० टक्क्यांच्या वर सलग काही मागत नाही, म्हणजे १४ अँप लिहिले असतील तर साडेआठ ते पावणेदहा. तुमच्या पट्ट्या ५०५० असतील तर एक रोल आरामात, दोन रोल ओढून-ताणून, चार रोल विसरा. पंपाची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचते, शेवटची काडी बहुतेक तीच.

याच्या आत अजून एक गुंता आहे जो मला स्वतःला समजायला बरीच वर्षं लागली. जुन्या आणि स्वस्त एसएमपीएसमध्ये ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट वेगवेगळे सांभाळले जात नाहीत. आतला आयसी दोघांकडे एकत्र बघून एकच सरासरी धरतो, एकाच दोरीला दोन बैल बांधल्यासारखं. मदरबोर्ड असताना दोन्ही बाजूंना लोड असतो म्हणून दोरी सरळ राहते. तुम्ही १२ वर सगळं लादलं आणि ५ रिकामा सोडला की ५ वर चढतो, १२ खाली बसतो, आणि आयसीला वाटतं सरासरी तर बरोबर आहे. मी एकदा मीटर लावून बघितलं होतं, १२ वर ६ अँपचा लोड आणि ५ मोकळा, तर १२ च्या जागी ११.२ आणि ५ च्या जागी ५.४. नियमाने दोन्हींना पाच टक्के सूट असते, म्हणजे १२ ने ११.४ च्या खाली जायचं नाही आणि ५ ने ५.२५ च्या वर. मग ५ व्होल्टवर म्हणजे लाल आणि काळीच्या मध्ये ४.७ ओहम १० वॉटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर लावला, एक अँपच्या आसपास करंट घेतो, आणि १२ लगेच ११.७ वर आला.

तो रेझिस्टर सतत पाचेक वॉट जाळत असतो, बोटाला फोड येईल इतका तापतो, त्यामुळे कापडाजवळ किंवा प्लास्टिकवर नको, पंख्याच्या हवेत पत्र्याच्या तुकड्यावर तारेने बांधून ठेवा. रेझिस्टर नसेल तर जुनी चालू हार्डडिस्क लावली तरी चालते, ती दोन्हींवर थोडा थोडा लोड घेते, फक्त आवाज करत बसते. नव्या चांगल्या एसएमपीएसमध्ये ५ आणि ३.३ हे १२ पासूनच वेगळे बनवतात, तिथे ही भानगड नाही, पण तुमचा जुन्या कॉम्प्युटरचा आहे म्हणून पहिला प्रकार धरून चालतोय.

तिसरं काम, बिघडलं तर बंद करणं. एसएमपीएसला वाटतं तेवढं कळत नाही. पूर्ण शॉर्ट झाला तर तो पडतो, पण अर्धवट शॉर्ट, म्हणजे पट्टी कुठेतरी दुमडून आठ-दहा अँप भलतीकडे जातायत, तर त्याला तो आपला लोडच वाटतो आणि तो इमानेइतबारे पुरवत राहतो. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही पण आग लागते, हे लोकांच्या डोक्यातच शिरत नाही. गेल्या वर्षी एक जण हार्डडिस्कचा चार पिनवाला कनेक्टर घेऊन आला होता, अख्खा मंडप त्या एकाच कनेक्टरवर. पांढरं नायलॉन पिवळ्या म्हणजे १२ व्होल्टच्या वायरीच्या भोकाभोवती बिस्किटाच्या रंगाचं झालेलं, पिन आत सैल, आणि वायरीचं इन्सुलेशन दोन बोटं लांब कडक होऊन तडकलेलं. शेजारची लाल वायर मात्र नवीकोरी. एसएमपीएसला काहीच झालं नव्हतं, त्याच्या दृष्टीने सगळं सुरळीत चालू होतं.

म्हणून प्रत्येक रोलला वेगळी पिवळी-काळीची जोडी, वेगवेगळ्या कनेक्टरवरून, एका पिवळ्या वायरीवर ६ अँपच्या वर नको. आणि प्रत्येक रोलच्या पॉझिटिव्हमध्ये गाडीचा पात्यासारखा फ्यूज, टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टवाल्याकडे होल्डरसकट मिळतो, ६ अँपच्या रोलला साडेसातचा म्हणजे चॉकलेटी रंगाचा. एसएमपीएस मंडपाच्या मागे लांब ठेवून बारीक वायरने पट्टीपर्यंत नेऊ नका. एक स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर दहा मीटर नेली तर जाऊन-येऊन वीस मीटर, ६ अँपला दोन व्होल्ट वाटेतच खर्च, मग तुम्ही म्हणणार पट्टी मंद जळते. अडीच स्क्वेअरची घेतली तर एक व्होल्टच्या आत राहतं. पाच मीटरचा रोल एकाच टोकाने जोडला तर शेवट पिवळट पडतो, दोन्ही टोकांना वायर द्या.

वायरी कापून टर्मिनल बसवायचा मोह होईल, तर एक सांगून ठेवतो. मोठ्या कनेक्टरमध्ये एका नारिंगी वायरीसोबत त्याच भोकात दुसरी बारीक वायर असते, कधी तपकिरी कधी नारिंगीच. ३.३ व्होल्ट बोर्डापाशी खरंच किती पोचतायत ते बघायची ती वायर आहे. नारिंगी कापल्या आणि ही सुटी राहिली की काही एसएमपीएस चालूच होत नाहीत आणि माणूस हिरव्या वायरीत चूक शोधत बसतो. ती नारिंगीला जोडलेलीच राहू द्या. खरं तर काही कापूच नका, गणपतीनंतर परत वापरता येईल.

आणि डबा उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही थोडा वेळ राहू शकतात. मी उघडतो ते डिस्चार्ज करून, आणि आत काय निघेल याचा भरवसा नसतो, सातपूरच्या कारखान्यांतून आलेल्या डब्यात लोखंडाचा भुगा, घरगुती डब्यात झुरळं आणि सुकलेली पाल. पाल तर दर पावसाळ्यात एखादी असतेच, गरम जागा बघून आत जाते आणि स्वतःही जाते आणि डबाही नेते. तुम्ही बाहेरूनच टॉर्च मारून जाळीतून बघा, कपॅसिटरची टोपी फुगलेली किंवा तपकिरी रस आलेला दिसला तर तो डबा मंडपात नेऊ नका. मागे ११५/२३० चा लाल सरकता स्विच असेल तर २३० वर आहे ना बघून त्यावर आधी टेप मारा. एका गिऱ्हाईकाच्या भाच्याने गंमत म्हणून तो सरकवला होता, असा बार झाला की शेजारचा चहावाला धावत आला.

तर क्रम असा ठेवा. अर्थिंग तपासून घ्या. मग सगळे रोल आणि पंप काढून, रेझिस्टर लावून, नुसता एसएमपीएस चालू करा आणि पिवळी-काळीवर मीटर लावा. ११.४ ते १२.६ च्या मध्ये असेल तर एक रोल लावा, अर्धा तास थांबा, परत मोजा, कनेक्टरला हात लावून बघा कोमट आहे की चटका बसतो. मग दुसरा. कोमटच्या पुढे गेलं किंवा व्होल्टेज ११.४ च्या खाली गेलं की तिथे थांबायचं, तेवढीच त्याची ताकद. एकटा रोलसुद्धा लावला की झटका मारून बंद होत असेल तर मात्र रोलमध्ये शॉर्ट आहे किंवा कपॅसिटर सुकलेत.

उरलेल्या रोलसाठी एमजी रोडला जाळीच्या पत्र्याची १२ व्होल्टची एलईडी सप्लाय मिळते, १० अँपची वेगळी, २० ची वेगळी, ती घ्या. त्याच कामासाठी बनलेली असते, तिला ना हिरवी वायर ना तो ५ व्होल्टवरचा रेझिस्टर, फक्त तिचे मेन लाईनचे स्क्रू उघडे असतात ते झाकायचे आणि अर्थिंगचा स्क्रू रिकामा सोडायचा नाही. दोन सप्लायचे पॉझिटिव्ह एकमेकांना जोडून ताकद दुप्पट करायचा प्रयत्न करू नका, दोन्ही एकमेकांशी भांडतात, प्रत्येकाचे रोल प्रत्येकाला. पंपाला तर वेगळा छोटा ॲडॉप्टरच द्या, म्हणजे तो अडकला तरी दिवे जाणार नाहीत. आणि खरं सांगू का, पट्ट्या ५०५० च्या निघाल्या तर मी असतो तर चारही रोल त्या जाळीवाल्यावर घेतले असते आणि हा डबा दुकानात टेस्टिंगला ठेवला असता.

लेबलच्या तक्त्याचा स्पष्ट फोटो टाका आणि पट्टीच्या एका मीटरमध्ये किती एलईडी आहेत ते मोजून सांगा, दोन रोल चालतील की एक ते मी सांगतो. एक्स्टेंशन बोर्ड उघडलात तर आतून किती वायरी निघाल्या तेही लिहा.